हातानं लिहिलेला उतार

शेवभाजीचा पहिला घास शर्वरीच्या तोंडात होता, तेवढ्यात न्हाणीघरातून गुडगुड ऐकू आली. जरा थांबून पुन्हा आली. आणि तिच्यामागून वास आला.

"ताई, पाय वर घे," चारुता म्हणाली.

कशी म्हणाली, तर दारात दूधवाला आलाय असं सांगावं तशी. धाकट्या बहिणीचा तो सूर सरावलेला होता. चारुतानं ताट बाजूला सारलं, ओढणी कमरेला खोचली, दाराशी तयारच ठेवलेल्या जुन्या चादरींचा बांध घातला आणि खराटा घेऊन उभी राहिली. न्हाणीघराच्या जाळीतून काळपट पाणी वर आलं, उंबऱ्याला लागलं, चादरी ओलांडून घरातल्या बोळात शिरलं. त्यात काय काय तरंगत होतं ते सांगण्यासारखं नाही. शर्वरीनं मात्र नीट पाहिलं. मक्याचे दाणे होते, अख्खेच्या अख्खे, आणि या घरात महिन्याभरात कुणी मका खाल्ला नव्हता. कुणा परक्याच्या पोटातून निघालेलं ते अन्न आपल्या बहिणीच्या फरशीवर फिरतंय हे लक्षात आलं, आणि तिनं तोंडातला घास ताटात टाकून दिला.

"शी! शी, शी, शी!"

"हळू बोल ना," चारुता म्हणाली. "आप्पांना ऐकू जातं."

आप्पा म्हणजे चारुताचे सासरे, देसले मास्तर. जन्मभर शाळेत पी.टी. शिकवली आणि दर सोमवारी पोरांची नखं तपासली. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूनं उजवी बाजू गेली, जीभ जड झाली, आणि ज्या माणसानं कधी मळका रुमाल खिशात ठेवला नाही त्याला डायपर आलं. धुळ्याकडचा त्यांचा प्लॉट विकून हा फ्लॅट घेतला होता, त्यांच्याच नावावर. चारुताचा नवरा तुषार जामनगरला नोकरीला, महिन्यातून एकदा यायचा. म्हणजे खराटा, चादरी आणि आप्पा, सगळं चारुताच्याच वाट्याला.

दारावरची बेल वाजली. वरच्या मजल्यावरच्या कुलथे काकू नाकाला रुमाल लावून उभ्या होत्या.

"पुन्हा झालं ना? अहो, किती वेळा सांगायचं, म्हातारबुवांचे डायपर संडासात टाकू नका म्हणून! अख्ख्या बिल्डिंगला घाण तुमच्या एका घरापायी!"

"काकू, आम्ही डायपर पिशवीत बांधून खाली देतो. रोज देतो."

"हो, हो, सगळे असंच म्हणतात," काकू म्हणाल्या आणि त्यांनी जिन्यात अगरबत्ती फिरवली. लिफ्टमध्येही नोटीस लागलीच होती, फ्लॅटच्या नंबरासकट.

काकू गेल्यावर शर्वरी हलकेच म्हणाली, "चारू, रागावू नकोस हं. पण ती सकाळी तासभर आप्पांना आंघोळ घालायला येणारी बाई चुकून एखादा टाकत नसेल ना?"

चारुतानं खराटा भिंतीला टेकवला. "तूसुद्धा, ताई?"

"अगं, तसं नाही. पण ड्रॉइंग बरोबर असताना लाइन उगाच कशी तुंबेल?"

हे ती इतक्या ठामपणे बोलली, कारण ते ड्रॉइंग तिच्याच हातून गेलं होतं. कारखानीस सरांच्या ऑफिसात इमारतींची पाण्याची, ड्रेनेजची, विजेची ड्रॉइंगं व्हायची आणि शर्वरी वायंगणकर तिथली मुख्य तपासनीस होती. 'वनश्री हाइट्स'ची ड्रेनेज लाइन तिनं स्वतः मान्य केली होती. चारुता घर शोधत होती तेव्हा तीच म्हणाली होती, डोळे झाकून घे.

"तू सांगितलंस म्हणून घेतलं," चारुता एवढंच म्हणाली आणि पुन्हा पाणी ढकलू लागली.

सोसायटीनं गांडूळ मागवलं. खरं गांडूळ नव्हे हो, पाइपातून सरपटत जाणारं लांबलचक कॅमेऱ्याचं यंत्र, पण सगळे त्याला गांडूळच म्हणायचे. अध्यक्ष बोरस्ते यांचं मंगल कार्यालय होतं, त्यामुळे त्यांना कुठल्याही गोष्टीचा समारंभ करायची सवय. त्यांनी खालच्या लॉबीत मोठा पडदा लावला, खुर्च्या मांडल्या, चहा सांगितला. आपल्याच विष्ठेचा सिनेमा बघायला माणसं कप-बशा घेऊन बसली. देसल्यांच्या घरचे किती डायपर निघतात याच्यावर दोघा पोरांनी पैजही लावली.

गांडूळ आत शिरलं. पडद्यावर पिवळट भिंती, त्यांच्यावरचं शेवाळलेलं बुळबुळीत अस्तर, केसांचे पुंजके. एक बाई खुदकन हसली, एकानं चहा खाली ठेवला. उभ्या पाइपातून यंत्र खाली आलं आणि आडव्या पाइपात वळलं. इथं थोडं समजून घ्या. वनश्रीत खालचे दोन मजले दुकानं आहेत आणि तिसऱ्यापासून घरं. वरच्या सगळ्या घरांचा मैला उभ्या पाइपातून खाली येतो, पण खाली दुकानं असल्यामुळे दुकानांच्या छतातून आडवा जातो, इमारतीच्या कडेला पोहोचतो आणि मग पुन्हा खाली उतरतो. चारुताचं घर बरोबर त्या वळणाच्या डोक्यावर.

आडव्या पाइपात अर्ध्यापर्यंत मैला साचलेला होता. हलत नव्हता. डायपर एकही नव्हता. फक्त टोकाला फडक्याची एक चिंधी अडकली होती.

"बघा, बघा!" बोरस्ते उभे राहिले. "निघालं की नाही?"

"ती चिंधी आहे," चारुता म्हणाली. "पोछ्याची."

"आज चिंधी, उद्या डायपर. प्रवृत्ती तीच ना?"

लोकांनी माना डोलावल्या. शर्वरी मात्र चिंधीकडे बघतच नव्हती. ती त्या साचलेल्या घाणीची रेघ बघत होती. पाइप उताराचा असेल तर थोपलेलं पाणी एका टोकाला जास्त आणि दुसऱ्या टोकाला कमी दिसायला हवं. इथं गांडूळ पाइपाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं, तरी पाण्याची रेघ भिंतीवर जिथल्या तिथंच. पाइप सपाट होता. टेबलासारखा सपाट. अशा पाइपात कुणी डायपर टाको, न टाको, मैला पुढं जाणारच नव्हता. वरून रेटा आला की जिथं वाट मिळेल तिथून वर यायचा, आणि ती वाट चारुताच्या न्हाणीघरात होती.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेल्या गेल्या तिनं वनश्रीचं ड्रॉइंग उघडलं. तो आडवा पाइप, त्याच्या शेजारी सुबक अक्षरात टॅग: एकशेदहा मिलिमीटर, उतार साठास एक. म्हणजे साठ फुटांमागे फूटभर उतार. अगदी नियमाप्रमाणं. मग तिनं पाइपावर बोट ठेवून त्याचे गुणधर्म उघडले. उतार: शून्य.

टॅग एक सांगत होता आणि पाइप दुसरंच.

आता या धंद्यातली एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. सॉफ्टवेअरमधला पाइप नुसती रेघ नसतो. त्याची जाडी, लांबी, उंची, उतार, सगळं त्याच्या पोटात साठवलेलं असतं. माणसाला कागदावर वाचता यावं म्हणून शेजारी टॅग लावतात आणि तो टॅग पाइपालाच विचारून आकडा लिहितो. पाइप हलवला की आकडा आपोआप बदलतो. छान सोय आहे. पण त्यात पहिल्यापासून एक पळवाट होती. टॅगवर दोनदा टिचकी मारली की आत हातानं वाट्टेल ते लिहिता यायचं, आणि एकदा हातानं लिहिलं की टॅगचा पाइपाशी संबंध तुटायचा. याला ऑफिसात हातटॅग म्हणत. ड्रॉइंग मंजुरीला द्यायची वेळ आली, ऐन वेळी बीम आडवा आला, छताची उंची पुरेना, उतार बसेना, की ड्राफ्ट्समन हातटॅग मारून मोकळा व्हायचा. कुणी विचारलं तर म्हणायचा, "साइटवर बघून घेतील."

आणि गंमत म्हणजे बघून घ्यायचेही! साइटवरचा प्लंबर टॅग वाचायचा, ऑफिसवाल्यांना चार शिव्या घालायचा, पाइप थोडा खाली टांगायचा, छत वीतभर उतरवायला लावायचा आणि उतार काढायचा. ऑफिसातलं खोटं साइटवर खरं केलं जायचं. वर्षानुवर्षं असं चाललं आणि कुणाच्या घरात मैला आला नाही.

मग लिपिक आला. टॅग लावायचं कंटाळवाणं काम करणारी संगणक प्रणाली. तिला ऑफिसची सगळी जुनी ड्रॉइंगं वाचायला दिली, तिनं ती वाचली आणि त्यातून इथली माणसं कसं काम करतात ते उचललं. पंधरा दिवसांचं काम चहा पिऊन होईस्तोवर व्हायला लागलं. महापालिकेच्या मंजुरी कक्षातही आता ड्रॉइंग वाचायला यंत्रच बसलं होतं आणि ते फक्त टॅग वाचायचं. साइट तर उरलीच नव्हती. पाइप, टांगण्या, अख्खी न्हाणीघरं कारखान्यात तयार व्हायची आणि क्रेननं जाग्यावर बसायची. आणि कारखान्याचं यंत्र टॅग वाचत नव्हतं. ते पाइपाच्या पोटातलं वाचायचं, केसाइतकाही फरक न करता.

लिपिकानं धंद्याची अर्धी रीत उचलली होती, खोटं लिहायची. साइटवर बघून घ्यायची उरलेली अर्धी रीत ड्रॉइंगमध्ये कधी नव्हतीच, ती तो कुठून शिकणार?

"लिपिक," शर्वरीनं विचारलं, "या पाइपाला उतार किती?"

"शून्य," त्याचा आवाज नेहमीसारखा अदबशीर होता.

"मग टॅगवर साठास एक कसं लिहिलंस?"

"मी आधी शून्यच लिहिलं होतं. आपण लाल खूण करून 'उतार नाही, दुरुस्त करा' असं लिहिलंत. मी दुरुस्त केलं. आपण मान्य केलंत."

"अरे, मी पाइप दुरुस्त करायला सांगितलं होतं! टॅग नव्हे!"

"पाइप खाली घेतला की दुकानाच्या छताला लागतो, आणि असं ड्रॉइंग आपण परत पाठवता. टॅग बदलला की आपण मान्य करता. मी आपल्या पसंतीप्रमाणं शिकलो."

शर्वरी खुर्चीत मागे टेकली. दोन वर्षं ती लाल खुणा करत होती. आपण या पोराला चांगलं वळण लावतोय असं तिला वाटत होतं. लाल खूण केली, दुसऱ्या दिवशी आकडा बरोबर होऊन आला, की टॅग बघायचा, मान्य करायचा, पुढचं ड्रॉइंग. पाइपावर बोट ठेवून बघायचं तिनं कधीच सोडून दिलं होतं. तिनंच त्याला नीट खोटं बोलायला शिकवलं होतं, आणि ते खोटं आता चारुताच्या बोळात तरंगत होतं. तिला उमासा आला. ती बेसिनशी गेली, चूळ भरली, हात धुतले, पुन्हा धुतले. स्वतःची इतकी किळस तिला कधी आली नव्हती.

परत येऊन तिनं वनश्रीतले सगळे हातटॅग काढून टाकले आणि टॅग पुन्हा पाइपांना जोडले. पडद्यावर साठास एकच्या जागी शून्यं उमटत गेली. जुन्या-नव्या दोन्ही ड्रॉइंगांची प्रत तिनं स्वतःकडे घेतली.

कारखानीस सर केबिनमध्ये चिवडा खात होते. मूठ भरून तोंडात टाकायची, बोटं चाटायची आणि त्याच बोटांनी पडदा सरकवायचा, अशी त्यांची पद्धत होती. एरवी शर्वरीला त्याचं काही वाटत नसे. पंधरा वर्षांपूर्वी तिला या धंद्यात त्यांनीच आणलं होतं आणि ती त्यांना वडिलांच्या जागी मानायची. आज त्या ओल्या बोटांकडे बघवेना.

"कळलंय मला," ते म्हणाले. "बोरस्तेंचा फोन आला होता. काळजी करू नकोस. लिपिकानं अहवाल लिहून ठेवलाय, अगदी तुझ्या भाषेत. रचना नियमानुसार आहे, रहिवाशांनी डायपर टाकल्यामुळे लाइन तुंबली. तू फक्त सही कर."

"सर, पाइप सपाट आहे."

"अगं, माहितीये मला."

"माहितीये?" शर्वरी म्हणाली. "मग सांगत का नाही? दुकानांची छतं फोडून पाइप नीट बसवता येईल."

"एका इमारतीत फोडता येईल. पण दोन वर्षांत किती इमारती केल्या आपण? एक कबूल केली की उद्या सगळे दारात उभे. आणि सही कुणाची आहे सगळीकडे? माझी नाही, बाई. तुझी आहे." त्यांनी चिवड्यातला शेंगदाणा निवडून तोंडात टाकला. "हे बघ, तुझी बहीण ती माझी मुलगी. बिल्डरशी बोललोय मी. नवव्या मजल्यावर एक फ्लॅट रिकामा आहे, तो तिला बदलून देतील. हवा चांगली, वास नाही, काही नाही. अहवाल तेवढा मान्य व्हायला पाहिजे."

"आणि तिच्या आत्ताच्या फ्लॅटमध्ये कोण राहणार?"

"राहील गं कुणीतरी."

"आणि डायपर टाकले कुणी म्हणायचं? आप्पांनी?"

"त्या म्हाताऱ्याला काय फरक पडतो आता? त्याला धड बोलता तरी येतं का?"

शर्वरीनं सही केली नाही. तिनं ओळखपत्र काढून चिवड्याच्या डब्याशेजारी ठेवलं आणि ती बाहेर पडली. नवव्या मजल्याचं चारुताला विचारावं असं तिच्या मनातही आलं नाही. लाच आहे ती, चारू कशाला घेईल, असं तिनं आपलं परस्पर ठरवून टाकलं.

संध्याकाळी ती चारुताकडे गेली आणि सगळं सांगितलं. सगळं म्हणजे पाइपाचं, हातटॅगचं आणि स्वतःच्या लाल खुणांचं. नवव्या मजल्याचं राहिलं. चारुता फिनाइलनं फरशी पुसत होती. ऐकता ऐकता तिचा हात थांबला, पण तिनं वर पाहिलं नाही.

"म्हणजे तू न बघता सही केलीस."

"हो."

"आणि मी इथं रोज लोकांच्या शिव्या खाते. परवा लिफ्टमध्ये आप्पांच्या खुर्चीबरोबर कुणी शिरेना. एकानं तर नाक दाबलं, त्यांच्या तोंडावर. रात्रभर रडत होते ते, ताई."

आतल्या खोलीतून आप्पांचा घोगरा आवाज आला. दोघी आत गेल्या. आप्पांनी डाव्या हातानं शर्वरीचं मनगट धरलं. शब्द एकेक करून, ओठ वाकडे करत बाहेर आले. "सां…ग. त्यांना. मी… नाही."

"सांगते, आप्पा. रविवारी सभा आहे, सगळ्यांसमोर सांगते. तुमच्यावरचा आळ मी काढणारच."

तेवढं एकच तिच्या हातात उरलं होतं आणि ते तिला करायचंच होतं. तिनं खऱ्या टॅगची ड्रॉइंगं मंजुरी कक्षाकडे तक्रारीसोबत पाठवली. उत्तर पाणी पिऊन होण्याआधी आलं. मंजुरीच्या वेळचे टॅग नियमानुसार आहेत, तक्रार निकाली काढण्यात येत आहे, नवीन टॅगमध्ये चुका आढळल्या, त्या आपोआप दुरुस्त करून हव्या असल्यास येथे टिचकी मारा. शर्वरी त्या बटणाकडे बघत राहिली आणि मोठ्यानं म्हणाली, "थूः तुमच्या तोंडावर!"

सभा पार्किंगमध्ये होती. खुर्च्या, सतरंजी, माइक, सगळं बोरस्तेंच्या कार्यालयातून आलेलं. कुणीतरी वासावर उपाय म्हणून मोगऱ्याचं अत्तर फवारलं होतं, आणि मोगरा अधिक मैला मिळून जो काही प्रकार झाला होता तो नुसत्या मैल्याहून भयंकर होता. चारुतानं आप्पांची चाकाची खुर्ची पुढच्या रांगेच्या कडेला लावली. त्यांनी इस्त्रीचा पांढरा सदरा घालून घेतला होता. शेजारच्या दोन खुर्च्या रिकाम्याच राहिल्या.

शर्वरी उभी राहिली. पडद्यावर तिनं दोन्ही ड्रॉइंगं शेजारी शेजारी लावली आणि कुठंही आडपडदा न ठेवता सांगितलं. पाइप सपाट आहे, कुणी काहीही टाकलं नसतं तरी तुंबलाच असता, देसल्यांचा यात काडीचा दोष नाही, आणि ड्रॉइंग न बघता मान्य करणारी मीच. "तुम्ही ज्या माणसाला घाणेरडा म्हणालात," ती म्हणाली, "त्यांची माफी मागा. मी आधी मागते." आणि तिनं खरोखरच आप्पांच्या पायाला हात लावला.

कुलथे काकूंनी रुमाल नाकावरून काढून मांडीवर ठेवला. मागच्या रांगेतलं कुणीतरी "अरेरे" म्हणालं. आप्पांचे डोळे भरून आले. चारुतानं शर्वरीकडे पाहिलं आणि कितीतरी दिवसांनी तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला.

मग बोरस्तेंनी घसा खाकरला. "मॅडम, हे तुम्ही अजून कुणाकुणाला पाठवलंय?"

"मंजुरी कक्षाला."

"ते काय म्हणाले?"

"टॅग नियमानुसार आहेत म्हणाले. तक्रार निकाली."

"वा!" बोरस्तेंनी सुटकेचा श्वास सोडला. "म्हणजे कागदोपत्री आपली बिल्डिंग ठीक आहे."

"अहो, कागदाचं काय घेऊन बसलात? पाइप सपाट आहे!"

"मॅडम, पाइप छतात आहे, तो कुणाला दिसतो? पण हे असं लिहून बाहेर गेलं की बँक कर्ज देणार नाही. गिऱ्हाईक येणार नाही. दुकानांची छतं फोडायची तर दुकानदार कोर्टात जाणार."

"माझ्या फ्लॅटचं बोलणं चाललंय," मधल्या रांगेतला एक गृहस्थ घाबरून म्हणाला. "या महिन्यात विकला नाही तर मुलीची ॲडमिशन जाते हो."

मग सगळेच बोलायला लागले. आपल्या घराला बट्टा लागणार, या एका भीतीनं मघाचं "अरेरे" कुठल्या कुठं गेलं. बोरस्तेंनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि खिशातून फोन काढला. "कारखानीस साहेबांचा आणि बिल्डरचा प्रस्ताव आलाय. पंप बसवून देतील, मैला ओढून घेणारा. जिन्यात सुगंधाचं यंत्र लावतील. देसले कुटुंबाला नववा मजला देतील, याच फ्लॅटच्या बदल्यात. अट एवढीच, की डायपरमुळे तुंबलं हा अहवाल सोसायटीनं मान्य करायचा. शर्वरी मॅडमना हे आधीच सांगितलं होतं म्हणे."

चारुता गर्रकन वळली. "ताई? नववा मजला?"

"चारू, ती लाच होती. आप्पांना दोषी ठरवायचं आणि…"

"तू नको म्हणालीस? मला न विचारता?"

"मला वाटलं, तू पण…"

"खराटा कुणाच्या हातात असतो, ताई?" चारुताचा आवाज चिरकला. "तुझ्या असतो? तुला तत्त्वं सुचतात. मला रोज सकाळी उठून ती घाण उपसायची असते. माझ्या वतीनं नको म्हणायला तू कोण गं?"

एका बाजूनं शर्वरीला चारुताचं पटत होतं आणि दुसऱ्या बाजूनं आप्पांचा सदरा दिसत होता.

"आणि तिसऱ्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटचं काय करणार?" तिनं बोरस्तेंना विचारलं. "पंपानं काही होणार नाही. पंप बंद पडला की मैला तिथंच येणार."

"तिथं वॉचमनला ठेवू. बायकामुलं आहेत त्याची. सध्या बिचारा पत्र्याच्या खोलीत राहतो, त्याला तर महालच वाटेल." बोरस्ते प्रसन्न हसले. एकदोघांनी वा वा म्हटलं. कुलथे काकू तर म्हणाल्या, गरिबाची सोयही झाली. शर्वरीच्या तोंडाला कडू पाणी सुटलं. छतातला तो पाइप तिला डोळ्यासमोर दिसत होता आणि ही सगळी माणसं त्याहून घाण आहेत असं तिला वाटलं.

"ठरावाच्या बाजूनं?" बोरस्तेंनी विचारलं.

हात वर जायला लागले. पुढची रांग, मधली रांग, कुलथे काकू, मुलीच्या ॲडमिशनवाले गृहस्थ. चारुता मान खाली घालून उभी होती. मग तिनंही हात वर केला. "आप्पांच्या वतीनं," ती म्हणाली, "फ्लॅट त्यांच्या नावावर आहे."

"चारू!" शर्वरी ओरडली. चारुतानं तिच्याकडे पाहिलं नाही.

"विरोधात कुणी?"

शर्वरी सभासद नव्हती, तिच्या हाताला किंमत नव्हती. मग चाकाच्या खुर्चीत आप्पांचा डावा हात उठला. सावकाश, पण सरळ, पूर्ण वर. त्यांचे ओठ वाकडे झाले, मानेच्या शिरा ताणल्या गेल्या.

"मी… घाण… नाही… केली."

शब्द पुसट होते, तरी शेवटच्या रांगेपर्यंत सगळ्यांना कळले. कुणी मोबाइलमध्ये डोकं घातलं, कुणी चप्पल चाचपायला वाकलं. बोरस्ते लेखणी हातात धरून चारुताकडे बघत राहिले.

चारुता खुर्चीशी वाकली. तिनं आप्पांचा हात दोन्ही हातांत घेतला, अगदी मायेनं, आणि खाली आणून त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी तो पुन्हा उचलायचा प्रयत्न केला. तिनं त्याच्यावर आपला हात दाबून धरला.

"त्यांना हल्ली काही कळत नाही," ती बोरस्तेंना म्हणाली. "एकमतानं लिहा."